कर्जाची फाईल आणि उपकारस्तुती

माझ्याबद्दल लोकांत असा एक गैरसमज आहे की मला निर्णय घेता येत नाहीत. साफ खोटं आहे. निर्णय मला उत्तम घेता येतात. घेतल्यावर पुढे काय करायचं, तेवढं जमत नाही.

यंदा मी एकच निर्णय घेतला. तोही फोनवर, दीड मिनिटात, एका हातात आंबवलेल्या मक्याच्या केंकेचा गोळा आणि दुसऱ्या हातात तळलेला मासा धरून. (फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये होता. माणसानं मोठे निर्णय घेताना हात मोकळे ठेवावेत, हे मला आता पटलंय.) त्याच्या जेमतेम अर्धा तास आधी मी बँकेत ओफिलिया लाम्प्टी मॅडमसमोर बसलो होतो. आमच्या गृहकर्जाची फाईल त्यांच्याकडे होती. काळा कोट, जाड चष्मा, आणि समोरच्या माणसाचं आतडं मोजल्यासारखी नजर.

"मिस्टर आग्बेको," त्या म्हणाल्या, "फाईल आता मुख्य कचेरीतल्या समितीपुढे जाणार. महिना लागेल. या महिन्यात तुमच्या आयुष्यात काहीही बदलायचं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे पत्ता नाही, सही नाही, फोन नंबर नाही, नोकरी नाही, बायको नाही."

"बायको कशाला बदलीन, मॅडम!"

"बदलतात लोक. समितीला स्थिर माणूस आवडतो. तुम्ही महिनाभर नुसते स्थिर राहा."

आता स्थिर राहणं ही तर माझी खासियत. आडाब्राका भागातल्या विमा कंपनीत मी चौदा वर्षं एकाच टेबलाशी, एकाच खुर्चीत, एकाच पगारात बसलेला माणूस. भिंतीवरचं घड्याळ तीनदा बदललं, मी नाही. छाती पुढे काढून बँकेतून बाहेर पडलो, कोपऱ्यावरच्या बाईकडून केंके आणि मासा घेतला, आणि फोन वाजला.

फोन टेमा बंदरातून होता. मालाचे कंटेनर सोडवून देणारी एक कंपनी. सहा महिन्यांपूर्वी मी तिथे अर्ज टाकला होता आणि विसरूनही गेलो होतो. कागदपत्र अधिकारी, पगार दीडपट, दुपारचं जेवण कंपनीचं. "पण एक तारखेला हजर व्हायला हवं. जमेल?"

मी म्हटलं, "जमेल."

यामागे विचार नव्हता असं कृपया समजू नका. विचार होता. बँक मला कर्ज कशाच्या जोरावर देणार? पगाराच्या. पगार वाढला तर बँकेला आनंद होणार. मग बँकेला तो आनंद कर्ज मंजूर झाल्यावर एकदमच द्यावा, उगाच आधी सांगून त्यातली मजा का घालवा? असा सगळा विचार मी मासा संपायच्या आत केला.

नव्या नोकरीची बातमी मी जिफाला सांगितली. ओफिलिया मॅडमची यादी सांगितली नाही. (विसरलो नाही. सांगितली नाही.) जिफा म्हणजे माझी बायको. आम्ही राहतो त्या मदीना भागातल्या सरकारी शाळेत शिक्षिका आहे, त्यामुळे माझ्या प्रत्येक वाक्याखाली तिला लाल रेघ दिसते. पण त्या दिवशी ती इतकी खूश झाली, की मुलांसमोर तिनं माझा हात धरला. असा हात धरलेला असताना कुणी यादी वाचून दाखवत नाही.

यात धोका किती होता, ते सांगतो. आमचे घरमालक मिस्टर ओपारे भाडं महिन्याच्या महिन्याला घेत नाहीत. ते दोन वर्षांचं एकदम, आगाऊ घेतात. आमची दोन वर्षं जूनअखेर संपत होती. पुढच्या दोन वर्षांसाठी साठवलेले सगळे पैसे आम्ही डोडोवाच्या घराचा विसार म्हणून देऊन बसलो होतो. दोन खोल्या, एक हॉल, मागे आंब्याचं झाड. कर्ज झालं तर आंबे. नाही झालं तर डोडोवाचंही घर नाही, मदीनाचंही नाही, आणि आम्ही चौघं सासूबाईंच्या एका खोलीत. सासूबाई वाईट नाहीत. पण त्या पहाटे साडेचारला मोठ्यानं प्रार्थना करतात आणि त्यात माझं नाव घेऊन माझे दोष देवाला सविस्तर सांगतात.

जुन्या कंपनीत राजीनामा दिला. वाटलं होतं, चौदा वर्षांचा माणूस, निदान "थांबा हो" तरी म्हणतील. साहेबांनी फक्त स्टेपलर परत मागितला.

माझ्या टेबलावर फीफी नावाचा सहकारी बसू लागला. जाताना मी त्याच्या कानात सांगितलं, "बँकेतून माझ्यासाठी फोन आला, तर जरा सांभाळून घे."

"काळजीच सोडा, सेलॉर्मदादा," फीफी म्हणाला. काळजी तिथूनच सुरू व्हायला हवी होती.

नव्या नोकरीच्या चौथ्याच दिवशी मी टेमाच्या धक्क्यावर कागद तपासत उभा असताना ओफिलिया मॅडमचा मोबाईलवर फोन आला.

"मिस्टर आग्बेको, तुमच्या ऑफिसच्या नंबरवर मी या आठवड्यात पाच वेळा फोन केला. दोनदा तुम्ही फील्डवर होतात. तीनदा संडासात."

(फीफीच्या कल्पनाशक्तीत माणसाला जायला एवढ्या दोनच जागा आहेत.)

"हो मॅडम. जरा... पोट."

"तीनही वेळा?"

"एकदा सुरू झालं की मॅडम..."

एवढ्यात मागच्या जहाजानं भोंगा दिला. साधासुधा नाही, अख्ख्या बंदराला ऐकू जाईल असा.

"हे काय होतं?" मॅडमनी विचारलं.

"पोटच," मी म्हणालो.

मग मॅडम अतिशय हळुवारपणे म्हणाल्या, "मिस्टर आग्बेको, वीस वर्षांचं कर्ज आहे. समितीला हे कळवावं लागेल."

आणि त्यांनी कळवलं. समितीनं माझी वैद्यकीय तपासणी मागितली. ज्या माणसानं चौदा वर्षं लोकांना "साहेब, ही तपासणी म्हणजे नुसती औपचारिकता" असं सांगून नमुन्यासाठी प्लास्टिकच्या डब्या वाटल्या, तोच माणूस आता स्वतःची डबी कागदात गुंडाळून, ट्रोट्रोच्या, म्हणजे भाड्याच्या छोट्या बसच्या, गर्दीत, दोन्ही हातांनी छातीशी धरून दवाखान्यात चालला होता. शेजारच्या आजींनी विचारलं, "चर्चमधलं पवित्र तेल आहे का बाळा?" मी मान हलवली. कशी हलवली ते आठवत नाही.

रिपोर्ट आला : पोट ठणठणीत. ओफिलिया मॅडमनी स्वतः फोन करून अभिनंदन केलं. "येत्या मंगळवारी समिती बसतेय. आता काही अडचण दिसत नाही."

मंगळवारला पाच दिवस होते. पाच दिवस तर मी श्वास रोखूनही काढले असते. पण त्या संध्याकाळी घरी आलो तर पलंगावर पांढरं कापड पसरलेलं. बारीक निळी वेलबुट्टी, आणि कापड थोडंथोडकं नाही, बारा वार.

"हे काय?"

"उपकारस्तुतीचं," जिफा म्हणाली. "तुम्हाला शर्ट, मला झगा, मुलांना थोडं थोडं. शिंपिणीला सांगून ठेवलंय. येत्या रविवारी."

माझ्या पोटात खराखुरा गोळा आला. (दवाखान्यात का नाही आला तेव्हा!) आमच्याकडे कुणाचं भलं झालं की रविवारी सगळं कुटुंब एका कापडात चर्चमध्ये पुढे जातं, भरल्या मंडळीसमोर साक्ष देतं, काय मिळालं, कुठे मिळालं, केव्हा मिळालं, आणि मग सगळे नाचतात. म्हणजे जी बातमी मी बँकेपासून महिनाभर लपवली, ती आता माईकवर जाणार होती.

"पुढच्या महिन्यात केलं तर?" मी म्हणालो.

"का?"

"घराचंही होऊन जाईल. दोन्हींचे आभार एकदम. कापड वाचेल."

"एलिनामचे बाबा, देवानं तुम्हाला नोकरी हप्त्यानं दिली का? आणि तुम्ही आभार मात्र थकवून ठेवणार? अशानं दिलेलं परत जातं!"

या वादात मी आजवर कधी जिंकलेलो नाही. म्हणून मी डोकं चालवलं. आमच्या मदीनाच्या चर्चमध्ये रविवारी हजार-बाराशे माणूस. त्यांत बँकेतलं कुणी ना कुणी असणारच. याउलट सासूबाईंचं चर्च आशायमानच्या एका बोळात, पत्र्याखाली, जेमतेम साठ माणसांचं. तिथे कोण बँकवाला येतोय?

"मग असं करू," मी म्हणालो, "आईंच्या चर्चमध्ये करू. माझ्या नोकरीसाठी प्रार्थना त्यांनीच केली ना? त्यांचा मान."

जिफाचे डोळे भरून आले. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, आणि सासूबाईंसाठी माझ्या तोंडून निघालेला हा पहिला चांगला शब्द होता. तिनं लगेच आईला फोन लावला. पलीकडून सासूबाईंनी फोनवरच देवाचे आभार मानले, की जावई अखेर सुधारला.

रविवारी आम्ही चौघं वेलबुट्टीचे होऊन आशायमानला पोचलो. तिथले धर्मगुरू, पाळक बोआतेंग, म्हणजे आडवातिडवा, हसरा, प्रचंड आवाजाचा माणूस. पहिल्या रांगेत गादीच्या खुर्चीवर त्यांच्या पत्नी, पाळकीणबाई, बसलेल्या. डोक्याला एवढं मोठं सोनेरी फडकं गुंडाळलेलं की खालचा चेहरा नीट दिसेना. मी लक्षही दिलं नाही. साठ माणसं मोजली. बँकवाला दिसणारा एकही नाही. मी निर्धास्त झालो आणि पहिल्यांदाच मनापासून गाणं म्हटलं.

"आज आपल्या मंडळीच्या जावयाला देवानं वर उचललंय!" पाळक गरजले. "या, पुढे या! सांगा, कुठून कुठे उचललं?"

मी माईक हातात घेतला. "देवानं कृपा केली," म्हणालो आणि माईक परत देऊ लागलो.

"कसली कृपा? देवाला गोलगोल बोललेलं आवडत नाही!"

"चांगली कृपा."

मंडळी हसली. तेवढ्यात जिफानं माईक माझ्या हातातून काढून घेतला. वर्गाला शिकवायची सवय. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं, एकेक शब्द सुटा करून ती म्हणाली, "माझे पती चौदा वर्षं आडाब्राकाच्या विमा कंपनीत एकाच पगारावर होते. या महिन्याच्या एक तारखेला त्यांनी ती नोकरी सोडली..."

"हालेलुया!"

"...आणि त्याच दिवशी टेमा बंदरात नव्या नोकरीवर हजर झाले!"

"हालेलुया!" साठ रुमाल वर गेले. एकोणसाठ हलत राहिले. पहिल्या रांगेतला एक हळूहळू खाली आला. पाळकीणबाईंनी सोनेरी फडकं जरा मागे सारलं, हातातल्या पिशवीतून जाड चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि माझं आतडं मोजलं.

ओफिलिया लाम्प्टी मॅडम बँकेत माहेरचं नाव लावतात, हे मला कुणीतरी सांगायला हवं होतं.

पळायची सोय नव्हती. ढोल सुरू झाले होते. रीत अशी की ज्याचं भलं झालं त्याला मध्ये घेऊन सगळ्यांनी नाचायचं, आणि त्याच्यासमोर नाचण्याचा पहिला मान पाळकीणबाईंचा. त्या आल्या. रुमाल हलवत, चेहऱ्यावर मोठं हसू ठेवून, ओठ न हलवता म्हणाल्या, "काय मिस्टर आग्बेको, आज फील्डवर का?"

"मॅडम, मी सांगणारच होतो."

"केव्हा?" दोन पावलं डावीकडे.

"मंगळवारनंतर." मीही डावीकडे.

"हसा. लोक बघताहेत."

मी हसलो. "मॅडम, देवाच्या घरात कानावर आलेलं बँकेत कशाला न्यायचं?"

"मी बँकेत लपवू? आणि पुढच्या रविवारी इथे उभी राहून गाऊ काय?"

"मग आता मी काय करू?"

"आता उजवीकडे वळा. ताल बदललाय."

मी उजवीकडे वळलो. सासूबाई आनंदानं रडत, रीतीप्रमाणे माझ्या कपाळाला नोटा चिकटवत होत्या.

प्रार्थना संपल्यावर मॅडमनी बाहेर जिफाला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. यादी, फील्ड, संडास, भोंगा. जिफा मान हलवत ऐकत होती. तिनं मध्ये एकही प्रश्न विचारला नाही, आणि ज्यांची बायको शिक्षिका आहे त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

परतीच्या ट्रोट्रोत ती ड्रायव्हरशेजारी बसली. मी मागे, मुलं आणि उरलेल्या भाताचा डबा घेऊन. थोरल्या एलिनामनं विचारलं, "डॅडी, आता आपण आंब्याच्या घरी नाही जायचं?" तिनं तिथल्या खिडकीशी आपला पलंग कुठे लावायचा, हे वहीत काढून ठेवलं होतं. एरवी मी माझ्या फजितीवर सगळ्यांच्या आधी हसतो. त्या वेळी मात्र फार लाज वाटली. माझ्या हुशारीनं माझ्या पोरीची खिडकी घालवली होती.

घरी आल्यावर जिफानं झगा बदलला, चूल पेटवली आणि मग विचारलं, "एकच सांगा. तिनं यादी आधीच दिली होती?"

"हो."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू म्हणाली असतीस, महिनाभर नोकरी घेऊ नका."

"म्हणजे मी बरोबर सांगितलं असतं, म्हणून मला विचारलं नाहीत."

या वाक्यात मी पुष्कळ चूक शोधली. नव्हती.

सोमवारी तिनं शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मला बँकेत नेलं. 'नेलं' हाच शब्द बरोबर आहे. ओफिलिया मॅडम पुन्हा काळ्या कोटात होत्या.

"नवी नोकरी सहा महिने कच्ची असते," त्या म्हणाल्या. "कच्च्या माणसाला समिती कर्ज देत नाही. पगार दीडपट असो नाहीतर दहापट. आणि इतकं खोटं बोलल्यावर फाईल पुढे पाठवायची, तर ती माझ्या हातून जाणार नाही."

"बरोबर आहे," जिफा म्हणाली. मग तिनं पिशवीतून एक प्लास्टिकची फाईल काढली आणि टेबलावर ठेवली. "मी पक्की आहे."

सरकारी शिक्षिका, सोळा वर्षं, एक शाळा. पगार सरकारी तिजोरीतून, हप्ता तिथल्या तिथे कापून घेता येईल असा. सगळ्या पगारपत्रकांना तारखेप्रमाणे क्रमांक घातलेले. मॅडम एकेक पान उलटत गेल्या. आमच्या तीन महिन्यांच्या ओळखीत त्यांना खरंखुरं हसताना मी प्रथमच पाहिलं.

"ही फाईल आधी का नाही आणलीत?"

जिफा फक्त माझ्याकडे वळली. मॅडमही वळल्या.

"मला वाटलं होतं," मी म्हणालो, "घर आपलं पुरुषाच्या नावावर शोभतं." हे वाक्य घरात बोललो होतो तेव्हा जरा वजनदार वाटलं होतं.

जिफाचा अर्ज समितीपुढे गेला. बँकेनं शाळेत चार वेळा फोन केला. चारही वेळा मुख्याध्यापिकाबाईंनी एकच उत्तर दिलं : "वर्गात आहे." समिती इतकी प्रसन्न झाली की अकराव्या दिवशी कर्ज मंजूर. डोडोवाच्या घराचा मालक मॅडमच्या शब्दावर तेवढे दिवस थांबला होता. जूनची सव्वीस तारीख होती. मिस्टर ओपारेंना नमस्कार सांगायला आमच्या हाती चार दिवस उरले होते. एलिनामनं वहीतलं चित्र रंगवून काढलं. मी न्हाणीघरात जाऊन दार लावून थोडा रडलो. (पोट म्हणून सांगितलं.)

सह्यांच्या दिवशी मी जिफाची पिशवी धरून शेजारी बसलो होतो. शेवटचा कागद आला : या घरात कर्जदाराखेरीज आणखी कोण कोण राहणार, त्यांची नावं.

"निळ्या शाईनं लिहा," ओफिलिया मॅडम म्हणाल्या. "खाडाखोड चालत नाही." माझ्या वेळी एक आकडा गिरवला गेला, म्हणून या बाईंनी मला अख्खा फॉर्म पुन्हा लिहायला लावला होता.

जिफानं सुरेख अक्षरात एलिनामचं नाव लिहिलं. मग धाकट्या एदुझीचं. मग, मला न विचारता, सासूबाईंचं. चौथ्या ओळीवर पेन टेकवलं आणि थांबली. माझ्याकडे एकदा नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मॅडम," तिनं विचारलं, "एवढं एक नाव पेन्सिलीनं लिहिलं तर चालेल का?"

मी मॅडमकडे पाहिलं. नियम म्हणजे नियम. आता ही बाई जिफाला चांगली झापणार, या आशेनं मी खुर्चीत जरा सावरून बसलो.

ओफिलिया मॅडमनी खण उघडला आणि तिला पेन्सिल काढून दिली. मागे खोडरबर असलेली.